निळा रंग आहे तसा येऊ दे

चि. सायलीस,


तू पाठवलेले स्क्रब-जेचे दोन्ही फोटो पाहिले, सॅक्रामेंटोतल्या तुझ्या अंगणातला आणि युटातला. डोळा लख्ख टिपला आहेस, मागचा पसाराही छान विरून गेला आहे. तरीही दोन्ही शेजारी ठेवले की एकाच पक्ष्याचे दोन फोटो वाटतात. स्क्रब-जेच्या चारही जातींचं काम हाती घ्यायचं म्हणतेस, म्हणून हे आत्ताच सांगतो. तुझं काम फरक दाखवण्याचं आहे, आणि नुसत्या देखण्या फोटोने ते होत नाही.

या दोघांना २०१६पर्यंत शास्त्रज्ञही एकच जात मानत. मग कॅलिफोर्निया आणि वुडहाउस अशी फोड झाली. अंगणातला तुझा कॅलिफोर्नियावाला ओकच्या रानाचा. त्याची चोच दणकट आणि टोकाला आकड्यासारखी वाकलेली, कारण ओकचं टणक फळ, एकॉर्न, फोडायचं असतं. युटातला वुडहाउस पिन्यन पाइन आणि ज्युनिपरच्या कोरड्या डोंगराळ मुलखातला. पाइनच्या शंकूच्या खवल्यांत चोच घालून तो बी काढतो, म्हणून ती बारीक आणि सरळसोट. सगळी गोष्ट चोचीच्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे, आणि तुझ्या युटाच्या फोटोत पक्षी थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे! मान वळेपर्यंत थांबायला हवं होतंस. प्रत्येक जातीचे निदान दोन फोटो हवेत: एक अगदी बाजूने, चोचीसाठी, दुसरा समोरून, छातीसाठी. कॅलिफोर्नियावाल्याच्या गळ्याखाली निळा पट्टा ठसठशीत असतो, वुडहाउसचा पुसट.

आता रंगाबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. या पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. खालच्या काळपट मेलॅनिनमुळे ते उठून दिसतं, इतकंच. म्हणून मागून ऊन आलं की हाच पक्षी राखाडी-तपकिरी दिसतो आणि समोरून उजेड पडला की झळकतो. एक फोटो सकाळच्या सोनेरी उन्हात, दुसरा भर दुपारी सावलीत, अशा जोडीवरून जातींची तुलना करणं म्हणजे फसवणूक आहे. पातळ ढगांचा दिवस निवड किंवा सूर्य पाठीशी घे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नकोस. त्याच उजेडात ग्रे कार्डचा एक फोटो घेऊन ठेव आणि रॉ फाइलवर काम करताना सगळ्यांना त्याच मापाने मोज. वुडहाउस मुळातच फिका, धुरकट आहे. सॅच्युरेशन ओढून तू त्याला उजळ केलंस, आणि त्याचं वुडहाउसपणच गेलं. फिका पक्षी फिका दिसू दे, सायली.

महिनाही सांभाळ. उन्हाळ्याच्या अखेरीस जुनी पिसं झिजून विटलेली असतात, आणि त्या वर्षीच्या पिल्लांची डोकी अजून राखी असतात. मोठ्यांची नवी पिसं आली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही जाती टिप. सिएरा ओलांडून नेवाडाच्या पश्चिम भागात गेलीस तर दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. तिथे संकरही होतो. तिथल्या पक्ष्याला घाईने नाव देऊ नकोस. ठिकाण आणि आजूबाजूची झाडं नोंदव आणि पुढे चल.

आता तिसरी जात. तिच्या सांताक्रूझ बेटासाठी व्हेंच्युराहून बोट मिळते. आयलंड स्क्रब-जे जगात फक्त त्या एका बेटावर आहे, जेमतेम अडीचशे चौरस किलोमीटरमध्ये. मुख्य भूमीवरच्या भावंडापेक्षा अंगाने मोठा, रंगाने गडद. मला त्यातलं सर्वांत नवल वाटतं ते असं, की एवढ्याशा बेटावरही पाइनच्या झाडीतल्या पक्ष्यांची चोच ओकमधल्यांपेक्षा लांब आणि सडपातळ आढळली आहे. म्हणजे बेटावरचा एक फोटो पुरायचा नाही. झाडाची पानं ओळखू येतील एवढी जागा चौकटीत ठेव. तुझी सहाशे मिलिमीटरची लेन्स पार्श्वभूमी पुसून टाकते, आणि या कामात पार्श्वभूमी हाच अर्धा पुरावा आहे.

फ्लोरिडाचा पक्षी सर्वांत दूरचा. जवळच्या भाऊबंदांपासून जवळपास हजार मैल तुटलेला, आणि फ्लोरिडाबाहेर कुठेही न सापडणारा. पांढुरकं कपाळ, राखी पाठ. पण त्याची खरी ओळख कुटुंबात आहे. आदल्या वर्षांची पिल्लं आईबापांकडेच राहून धाकट्यांना भरवतात, आणि बाकीचे खाली चरत असताना एक जण शेंड्यावर पहाऱ्याला बसतो. आर्चबोल्ड संशोधन केंद्रात ग्लेन वुल्फेन्डेन यांनी १९६९मध्ये या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. तिथे लांब लेन्स बॅगेत ठेव आणि वाळूवर पालथी पड. पक्षी चोचीतलं एकॉर्न वाळूत खुपसतो, वरून चोचीने ठोकतो, मग एखादं पान आणून त्यावर ठेवतो. हे सगळं हातभर अंतरावरून दिसेल. त्याला अशी उघडी वाळू आणि खुजे ओक लागतात, आणि ते टिकतात ठरावीक वर्षांनी लागणाऱ्या वणव्यामुळे. वणवे विझवले गेले आणि जमिनीवर बागा-घरं उभी राहिली, तसा हा पक्षी आटत गेला. १९८७पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे.

तो इतका धीट आहे की तुझ्या हातावर येऊन बसेल. तरी शेंगदाणे दाखवू नकोस. कायद्याने ते मना आहे, आणि मनाई योग्यच आहे. माणसांचं खाणं मिळालं की हे पक्षी लवकर अंडी घालतात, आणि पिल्लांना लागणाऱ्या अळ्या तेव्हा झाडावर पुरेशा नसतात. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं कुठल्याच जातीला नको. सह्याद्रीत लोक टकाचोराला असंच बोलावतात, तेव्हा माझा जीव कळवळतो. तोही याच कावळ्याच्या कुळातला, हुशार पक्षी.

पहिली फेरी झाली की निवडक फोटो पाठवू नकोस. वाकडेतिकडे, हललेले, सगळे पाठव, प्रत्येकासोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव लिहून. आपण दोघं मिळून निवडू.

तुझा,
मामा