नावावरून वस्तूकडे

मोठ्या संस्थेचा संगणकीय कारभार एकाच यंत्रावर चालत नाही. बँकेचे उदाहरण घेऊ. खात्यांचा डेटाबेस एका यंत्रावर, तर व्यवहाराचे प्रोग्राम दुसऱ्यावर असतात. हे प्रोग्राम ज्याच्या आश्रयाने चालतात त्यास ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. डेटाबेसचा पत्ता व परवलीचा शब्द प्रत्येक प्रोग्राममध्येच लिहून ठेवला, तर डेटाबेस हलविताच सारे प्रोग्राम उघडून दुरुस्त करावे लागतील. म्हणून प्रोग्राम केवळ नाव उच्चारतो. त्या नावाने कोणती वस्तू द्यावयाची, याची नोंद सर्व्हरचा व्यवस्थापक वेगळी करून ठेवतो. हीच नामसेवा होय.

निर्देशिका सेवा याच्या एक पाऊल पुढे जाते. तीत वस्तूचे गुणधर्मही नोंदलेले असल्यामुळे ‘लेखा विभागातील सर्व कर्मचारी’ असा शोध घेता येतो. अशा निर्देशिकांसाठी १९८८ साली एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. ते वापरावयास अवजड होते; मिशिगन विद्यापीठात घडलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलडॅप या पद्धतीच्या नावातच ‘हलकी’ हे विशेषण आहे, ते उगीच नव्हे. जावा भाषेतील प्रोग्रामांना या भिन्न भिन्न सेवा एकाच रीतीने वापरता याव्यात, यासाठी जेएनडीआय ही व्यवस्था निर्माण झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जेएनडीआयला दिलेले नाव घरच्या नोंदवहीतलेच असते असे नाही. ते बाहेरच्या एखाद्या निर्देशिकेचा संपूर्ण पत्ताही असू शकते. मग नाव कोण उच्चारतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा प्रत्यय आला. लॉगफोरजे हे घडामोडींची नोंद ठेवणारे, जगभर वापरले जाणारे जावा साधन. नोंदवावयाच्या मजकुरात विशिष्ट चिन्हांत नाव आढळले, की ते जेएनडीआयकडे शोध घेई. ही सोय २०१३ मध्ये त्यात घातली गेली होती. परंतु असा मजकूर पुष्कळदा परक्याकडूनच येतो: कोणी लॉगिनच्या चौकटीत काय लिहावे, यावर कोणाचे नियंत्रण? हल्लेखोराने तेथे आपल्याच निर्देशिकेचा पत्ता लिहिला, की सर्व्हर तिकडे विचारणा करी आणि उत्तरादाखल आलेला घातक प्रोग्राम स्वतःच चालवी. या दोषाची तीव्रता दहापैकी दहा ठरविण्यात आली.

त्याच महिन्यात निघालेल्या २.१६.० या आवृत्तीत मजकुरातील नावांचा असा शोध काढून टाकण्यात आला आणि जेएनडीआयचा वापर, कोणी मुद्दाम सुरू केल्याखेरीज, बंद ठेवण्यात आला. व्यवस्थापकाने नोंदविलेली नावे मात्र ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये पूर्ववत वापरली जातात.