विम्याचा आकडा आणि हाती येणारी रक्कम

निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा निवडताना विमा रक्कम आणि वार्षिक प्रीमियम या दोनच आकड्यांची तुलना करण्याची रीत असली, तरी क्लेमच्या वेळी हाती किती पैसे पडतील हे ठरवणाऱ्या अटी त्या आकड्यांबाहेर असतात. त्यांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित अट खोलीभाड्याच्या मर्यादेची होय. अनेक पॉलिसींत दररोजचे भाडे विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंतच ग्राह्य असते, म्हणजे 3 लाखांच्या पॉलिसीत 3,000 रुपये. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि परिचर्येचा खर्च खोलीच्या दर्जानुसार चढत असल्याने तेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर, आणले जातात. या प्रमाणशीर कपातीतून औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे वगळलेली असतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरात ही अट प्रथम वाचली गेली ती रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी, वडिलांच्या डिस्चार्जच्या दिवशी. बिल 2 लाख 10 हजारांचे, म्हणजे विमा रकमेच्या आतले होते, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. त्यात पाच दिवसांचे भाडे 30 हजार, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचा खर्च 1 लाख 20 हजार आणि औषधे-तपासण्या 60 हजार होत्या. पहिल्या दोन रकमा निम्म्या झाल्याने 1 लाख 35 हजार ग्राह्य ठरले. त्यातूनही को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा, 20 टक्क्यांनी वजा झाला आणि कंपनीने 1 लाख 8 हजार दिले. उरलेले 1 लाख 2 हजार वडिलांच्या मुदत ठेवीतून गेले. यात फसवणूक नव्हती, दोन्ही अटी पॉलिसीत छापलेल्या होत्या. आणि म्हणूनच भाड्याची मर्यादा व को-पे दोन्ही असलेली स्वस्त पॉलिसी ज्येष्ठांनी घेऊ नये, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

दुसरी चूक प्रस्तावपत्राची, म्हणजे विमा मागण्याच्या अर्जाची. हा अर्ज बहुधा एजंट भरतो आणि अर्जदार खूण केलेल्या जागी सही करतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी ‘किरकोळ’ म्हणून नोंदायची राहते आणि पुढे त्याच कारणाने क्लेम नाकारला जातो. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, या कारणावरून कंपनीला हरकत घेता येत नाही. परंतु साठीनंतर पाच वर्षे आजारपण थांबून राहील, या भरवशावर कोणी राहू नये.

आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च न मिळण्याची सुरुवातीची मुदत, 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे. नोकरीतील समूह विमा सहसा नोकरीबरोबरच संपत असल्याने, स्वतःची पॉलिसी पंचावन्नच्या सुमारास घेतल्यास हा काळ पगार चालू असतानाच सरतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, मात्र योजनेत सामील रुग्णालयांतच. त्यामुळे आपल्या भागातील कोणती रुग्णालये त्यात आहेत, हे आधी पाहावे आणि मगच खासगी पॉलिसी किती मोठी हवी ते ठरवावे.

पॉलिसीची प्रत हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्या 30 दिवसांत घरातील कोणी तरी आई-वडिलांशेजारी बसून खोलीभाडे, को-पे आणि नोंदवलेले आजार ही तीन कलमे मोठ्याने वाचून दाखवावीत.