पावसाळ्याआधी भिंतीला लाकडी कौले



जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आपली बालवाडी कारवीच्या कुडाच्या घरात भरते. शेणमातीने सारवलेला कूड उन्हाळ्यात थंड राहतो. पण पावसाची झड लागली की पश्चिमेच्या भिंतीची माती धुऊन जाते आणि कारवी पायथ्याशी कुजते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्या भिंतीवर लाकडी पट्ट्या मारल्या. मी सुतार, चार दिवसांत काम उरकले. जुलैत पट्ट्या फुगून वाकल्या, जोडांतून पाणी आत गेले आणि एका रात्री कुडाचा कोपरा बसला. मुले घरी होती म्हणून निभावले. चूक माझी होती.

पाड्यावरच्या एका आजोबांनी आपले पळसाच्या पानांचे इरले माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "बघ, खालच्या दोन पानांचा जोड वरच्या पानाखाली झाकलाय. जोडावर जोड कुठेच नाही." सगळा धडा त्यात होता.

अशा पट्ट्यांना इंग्रजीत शिंगल म्हणतात. कापण्याऐवजी फोडून काढलेल्या जाड, खडबडीत पट्ट्यांना शेक. चिले देशातील चिलोए बेटांवर पाऊस भरपूर. तिथल्या कित्येक जुन्या लाकडी चर्चच्या भिंती अशाच कौलांनी मढवल्या आहेत. तिथली 16 चर्च 2000 साली जागतिक वारसा यादीत आली.

गेल्या वर्षी काम पुन्हा केले, ते असे:

1. लाकूड: मोडलेल्या घराचे जुने सागवान घेतले. फक्त गाभ्याचे, पांढऱ्या लाकडाला वाळवी लवकर लागते. पट्टीची लांबी 16 इंच.

2. रिपा: खिळा कुडात धरत नाही. म्हणून मेढींवर 7-7 इंचांवर आडव्या रिपा ठोकल्या. त्यामुळे पट्टीमागे हवा खेळते आणि ओल सुकते.

3. पहिली ओळ: सुरुवात खालून, जमिनीपासून 6 इंच सोडून. ही ओळ दुहेरी. वरची प्रत्येक ओळ खालचीवर चढवायची. पट्टीचा फक्त 7 इंच भाग उघडा राहतो.

4. जोड: खालच्या ओळीच्या जोडापासून वरचा जोड किमान दीड इंच बाजूला हवा.

5. फट: दोन पट्ट्यांत एक ते दोन सूत जागा सोडावी. कोरडे लाकूड पावसात फुगते. माझी पहिली भिंत याच चुकीने गेली.

6. खिळे: प्रत्येक पट्टीला दोनच, कडेपासून पाऊण इंच आत आणि वरची ओळ जिथे संपते त्या रेषेच्या एक इंच वर, म्हणजे ते झाकले जातात. खिळे जस्त चढवलेले घ्यावेत. डोके लाकडात रुतेपर्यंत ठोकू नये, पट्टी चिरते.

गेल्या पावसाळ्यानंतर एक पट्टी उचलून पाहिली. आतला कूड कोरडा होता, सारवणही शाबूत होते.

या मे महिन्यात शेजारच्या पाड्यावरची भिंत करायची आहे. ज्या बंधुभगिनींना यायचे असेल त्यांनी हातोडी आणि सूतदोरी सोबत आणावी. कामाला हात लावण्यापूर्वी आजोबांचे इरले मात्र सगळ्यांनी पाहायचे आहे.