हार कधी मान्य करायची?

पातळी ५ : वाचनपाठ

वाचनाआधी

तुमच्या शाळेत स्कूल कॅप्टनची निवडणूक झाली. तुमची मैत्रीण चार मतांनी हरली. आता तिने काय करावं? जिंकलेल्या मुलीला मदत करावी, की गप्प बसावं? तुमचं उत्तर एका वाक्यात वहीत लिहून ठेवा. पाठ संपल्यावर ते पुन्हा वाचायचं आहे.

शब्दार्थ

- पक्षांतर्गत निवडणूक : एकाच पक्षातल्या लोकांनी आपापसात घेतलेली निवडणूक. अमेरिकेत उमेदवार ठरवण्यासाठी अशी जी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात.
- हार मान्य करणे : 'मी हरलो' हे उघडपणे सांगणे.
- पाठिंबा जाहीर करणे : 'मी या उमेदवाराच्या बाजूने आहे' असं सगळ्यांसमोर सांगणे.
- माघार घेणे : स्पर्धेतून बाहेर पडणे.
- बंडखोर : पक्षाचा निर्णय न मानता स्वतः उभा राहणारा.
- कौल : मतदारांनी दिलेला निर्णय.

पाठ

१. कालचा स्पर्धक, उद्याचा सोबती

निवडणूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतलं मतदान केंद्र, लांब रांग आणि सॉसेज सिझल येत असेल. पण त्याच्या आधी पक्षाच्या आत एक निवडणूक होऊन गेलेली असते. आपला नेता कोण, आपला उमेदवार कोण, हे तिथे ठरतं.

या आतल्या निवडणुकीत एक पेच असतो. समोरचा माणूस शत्रू नसतो. आज त्याच्याविरुद्ध बोलायचं आणि उद्या त्याच्याच खांद्याला खांदा लावून काम करायचं. हे पटकन जमत नाही. आणि नाही जमलं, तर मराठीत म्हणतात तसं होतं : दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

२. लॉलरच्या खासदार

पहिली गोष्ट आपल्या टार्निटजवळचीच आहे. जुलिया गिलार्ड १९९८ पासून २०१३ पर्यंत लॉलर मतदारसंघाच्या खासदार होत्या. टार्निट याच मतदारसंघात होतं. २०१० मध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

त्यांच्याच लेबर पक्षातले केविन रड यांनी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना आव्हान दिलं. पक्षाच्या खासदारांनी मतदान केलं. गिलार्ड यांना ७१ मतं मिळाली, रड यांना ३१. रड यांनी हार मान्य केली. आपण पुन्हा आव्हान देणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. पण पक्षातली कुजबुज काही थांबली नाही. 'रड परत येणार का?' हा प्रश्न सव्वा वर्ष चालूच राहिला.

शेवटी २६ जून २०१३ रोजी पुन्हा मतदान झालं. या वेळी गिलार्ड यांनी मतदानाच्या आधीच एक अट सांगितली : जो हरेल त्याने राजकारण सोडायचं. रड यांना ५७ मतं मिळाली, गिलार्ड यांना ४५. गिलार्ड यांनी शब्द पाळला. सप्टेंबरमधल्या निवडणुकीला त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

आता विचार करा. रड यांनी तोंडाने हार मान्य केली होती, पण वाद मिटला नाही. गिलार्ड यांनी पदही सोडलं आणि मैदानही. तरी लेबर पक्ष ७ सप्टेंबर २०१३ ची निवडणूक हरलाच. भांडण फार लांबलं, की नंतरच्या समजूतदारपणाचा उपयोग कमी होतो.

३. जास्त सदस्यांची मतं मिळाली, तरी हरले

त्या पराभवानंतर पक्षाला नवा नेता हवा होता. या वेळी नियम नवीन होता. अर्धं वजन खासदारांच्या मतांना आणि अर्धं वजन पक्षाच्या साध्या सदस्यांच्या मतांना. उमेदवार दोन : बिल शॉर्टन आणि अँथनी अल्बनीज.

१३ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल लागला. साध्या सदस्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी अल्बनीज यांना मत दिलं होतं. पण ८६ खासदारांपैकी ५५ जण शॉर्टन यांच्या बाजूने होते. दोन्हींचा हिशेब मांडल्यावर शॉर्टन ५२ विरुद्ध ४८ टक्के असे जिंकले.

अल्बनीज यांना तक्रार करायला जागा होती, नाही का? 'हजारो सदस्यांना मी हवा होतो' असं ते म्हणू शकले असते. पण नियम दोघांनाही आधीपासून माहीत होता. खेळ संपल्यावर नियमावर बोट ठेवता येत नाही. त्यांनी निकाल लगेच स्वीकारला आणि शॉर्टन यांच्या हाताखाली काम केलं. शॉर्टन २०१६ ची निवडणूक हरले, २०१९ चीही हरले. या सगळ्या काळात अल्बनीज यांनी त्यांच्याविरुद्ध एकदाही निवडणूक लढवली नाही.

२०१९ मध्ये शॉर्टन पायउतार झाले आणि अल्बनीज बिनविरोध नेते झाले. २०२२ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात कोण होतं? बिल शॉर्टन! म्हणजे हरलेल्याने पडतं घेतलं, तसंच पुढे जिंकलेल्यानेही जुन्या स्पर्धकाला जागा दिली. ही दुसरी बाजू लोक विसरतात.

४. अमेरिकेतले दोन उन्हाळे

३ जून २००८ रोजी बराक ओबामा यांच्याकडे उमेदवारीसाठी लागणारे पुरेसे प्रतिनिधी जमले. चारच दिवसांनी, ७ जूनला, हिलरी क्लिंटन यांनी हार मान्य करून त्यांना पाठिंबा जाहीर केला.

२०१६ मध्ये क्लिंटन जिंकल्या आणि बर्नी सँडर्स हरले. शेवटची प्रायमरी १४ जूनला झाली, पण सँडर्स यांचा पाठिंबा १२ जुलैला आला. मधल्या काळात ते आपले मुद्दे पक्षाच्या जाहीरनाम्यात यावेत म्हणून झटत होते. ताशी १५ डॉलर किमान वेतन हा त्यातला एक.

कोण बरोबर? 'उशिरामुळे पक्षाचं नुकसान होतं' असं काहींना वाटतं. 'ज्यांनी सँडर्सना मतं दिली, त्यांचं म्हणणं पोचवणं हेही त्यांचं काम होतं' असं इतरांना वाटतं. दोन्हींत तथ्य आहे.

५. सांगलीचं उलटं उदाहरण

आता महाराष्ट्रात येऊ. तिथे उमेदवार ठरवायला पक्षात मतदान सहसा होत नाही. तिकीट कोणाला द्यायचं हे वरचे नेते ठरवतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीची जागा आघाडीत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली आणि पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे नातू, काँग्रेसचे विशाल पाटील, यांनी माघार घेतली नाही. ते अपक्ष उभे राहिले. सगळे त्यांना बंडखोर म्हणू लागले.

निकाल काय लागला? विशाल पाटील निवडून आले. आघाडीचे अधिकृत उमेदवार तिसरे आले. नंतर विशाल पाटील यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला.

मग त्यांनी माघार घ्यायला हवी होती का? लक्षात घ्या, ते आतल्या मतदानात हरले नव्हते. मतदान झालंच नव्हतं! कोणी मतांनी हरवलं, तर हार मानणं सोपं जातं. बंद दाराआड निर्णय झाला, तर 'मी हरलो' असं माणसाला वाटतच नाही.

६. मग कधी?

या सगळ्यातून माझ्या मते तीन प्रश्न निघतात. एक : मोजणी खरंच संपली आहे का? एकही मत मोजायचं बाकी असेल आणि त्याने निकाल बदलू शकत असेल, तर थांबायला हरकत नाही. दोन : सगळं ठरलेल्या नियमाने झालं का? झालं असेल, तर हार त्याच दिवशी मान्य करावी. तीन : खऱ्या लढाईला किती दिवस उरले आहेत? पाठिंबा देताना चार मुद्दे मांडायला, थोडी घासाघीस करायला वेळ घ्यावा. पण मतदार गोंधळून जातील इतका नाही.

म्हणजे हार मान्य करणं आणि पाठिंबा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लगेच हवी. दुसरी थोडी उशिरा चालेल, पण ती मनापासून हवी. ओठात एक आणि पोटात एक असेल, तर लोकांना ते कळतंच.

भाषेकडे बघू या

'जिंकणे' आणि 'हरणे' ही क्रियापदं सारखी वागत नाहीत.

- शॉर्टन जिंकले. / शॉर्टन यांनी निवडणूक जिंकली.
- अल्बनीज हरले. / अल्बनीज निवडणूक हरले.

'निवडणूक' हा शब्द आला, की 'जिंकणे'बरोबर 'नी' लागू शकतं आणि मग क्रियापद 'निवडणूक'प्रमाणे चालतं. 'हरणे'बरोबर 'नी' कधीच लागत नाही. म्हणून 'त्यांनी निवडणूक हरली' हे चूक आहे. पण 'त्यांनी हार मानली' हे बरोबर आहे, कारण तिथलं क्रियापद 'मानणे' आहे.

समजलं का?

१. गिलार्ड यांनी २०१३ मध्ये मतदानाआधी कोणती अट सांगितली?
२. जास्त सदस्यांची मतं मिळूनही अल्बनीज का हरले?
३. सांगलीचं उदाहरण बाकीच्यांपेक्षा वेगळं का आहे?
४. रिकाम्या जागा भरा : (अ) भारत सामना ____. (हरणे) (आ) भारताने सामना ____. (जिंकणे)

बोला आणि लिहा

- घरी आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या गावात कोणी तिकीट न मिळाल्यामुळे बंडखोरी केली होती का? लोक त्यावर काय म्हणाले? पुढच्या तासाला दोन मिनिटं सांगा.
- तुम्ही स्कूल कॅप्टनची निवडणूक हरला आहात. आठ वाक्यांचं भाषण लिहा. त्यात हार मान्य करा, पाठिंबा द्या, आणि तुमचा एक मुद्दा जिंकलेल्या मुलीने पुढे न्यावा अशी विनंती करा.
- वाचनाआधी लिहिलेलं वाक्य आता परत वाचा. ते बदलावंसं वाटतं का? का, ते लिहा.