जुन्या रुपयाची पारख

कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या पाटणात आणि आसपासच्या खेड्यांत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चांदीचा जुना रुपया मांडणारी घरे पुष्कळ आहेत. त्यावरील राजाचे नाव व साल आपण सहज वाचतो. परंतु तो रुपया कोणत्या अवस्थेत आहे हे नेमके सांगता येणे ही निराळी विद्या होय. तिला साहित्य थोडेच लागते : एक भिंग, एक दिवा, मऊ कापड आणि निःपक्षपाती दृष्टी.

ही विद्या आपल्या मुलखास नवी नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी इत्यादी नाना प्रकारचे रुपये एकाच काळी बाजारात फिरत असत, व त्यांची पारख करणाऱ्यास पोतदार म्हणत. नाणे झिजलेले वा हिणकस ठरले, की त्याच्या किमतीतून काही अंश कापला जाई. त्यास बट्टा हे नाव होते. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार याच व्यवहारातला आहे.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने यंत्रावर पाडलेला एकसारखा रुपया चालू केला. त्यास लोक 'कलदार' म्हणू लागले. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. निकेलला लोहचुंबक ओढतो, चांदीला ओढत नाही. म्हणून प्रथम चुंबक व तराजू यांची साक्ष घ्यावी, आणि मगच अवस्थेचा विचार करावा.

आता मुख्य पाठ. देवळाची पायरी जशी पाऊल पडते तेथेच आधी झिजते, तसे नाणे जेथे उंच असते तेथेच आधी झिजते. यास्तव पारख्याने सर्व नाणे एकदम न पाहता त्यातील उंचवटे आधी शोधावेत. उदाहरणार्थ, पंचम जॉर्जचा रुपया घ्या. मुकुटाचा माथा, भुवई, कानाची कड व मिशी हे त्याचे उंचवटे. छातीवरील साखळीत एक चिमुकला हत्ती आहे, तो तर पारख्याचा मित्रच होय. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली, की तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाल्यावर ते रुपये परत घेण्यात आले व १९१२ पासून चित्र सुधारण्यात आले.

या खुणांवरून पायऱ्या अशा ठरतात. जे नाणे व्यवहारात फिरलेच नाही ते कोरे. संग्राहक त्यास 'अनसर्क्युलेटेड' म्हणतात. दिव्याखाली ते हळूहळू कलते केले असता प्रकाशाच्या रेषा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे त्यावरून फिरतात. ज्याच्या केवळ माथ्यांवर किंचित घर्षण आहे, व अक्षरांच्या आडोशाला मूळ तेज टिकले आहे, ते 'एक्स्ट्रीमली फाइन'. केस व दाढीच्या रेषा एकमेकींत मिसळू लागल्या, पण हत्ती पूर्ण ओळखू येतो, ते 'व्हेरी फाइन'. हत्तीचा केवळ आकार उरला आणि वस्त्रावरील नक्षी बरीच पुसली, ते 'फाइन'. त्याखाली मुखाची बाह्यरेषा, नाव व साल एवढेच वाचता येणारी नाणी येतात. अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील तांब्याच्या मोठ्या सेंटांकरिता १ ते ७० अशी अंकांची श्रेणी मांडली. आज जगभर तीच वापरली जाते.

येथे नवशिक्याने तीन ठिकाणी सावध राहावे. पहिले, अंकुशी रुपयासारखी नाणी हातोड्याने पाडीत. ठसा नाण्याहून मोठा असल्याने काही अक्षरे बाहेरच राहत. ती झीज नव्हे. दुसरे, यंत्राचा ठसा कोठे दुर्बळ उमटला असेल, तर तो भाग सपाट दिसतो, पण त्याचे तेज कायम असते. झिजलेल्या भागाचे तेज गेलेले असते. तिसरे, पुष्कळ रुपयांना कडी डाखून ते माळेत ओवलेले होते. कडी काढली तरी कडेवर डाखाचा डाग राहतो. असे नाणे कितीही स्पष्ट असो, ते सदोषच लिहावे.

परंतु सर्वांत मोठी हानी आपण प्रेमाने करतो. पूजेपूर्वी चिंच, राख अथवा रांगोळी लावून रुपया लख्ख घासण्याची चाल पुष्कळ घरी आहे. हवेतील गंधकामुळे चांदीवर जी काळसर छटा चढते ती मळ नसून नाण्याच्या वयाची साक्ष असते. घासण्याने ती जातेच, शिवाय सर्वांगावर बारीक ओरखडे उठतात, आणि आऱ्यांसारखे फिरणारे तेज कायमचे नष्ट होते. मग रुपया चकाकतो, पण ती चकाकी सर्वत्र सारखी व निर्जीव असते. व्यवहारात झिजलेल्या नाण्याने प्रामाणिक सेवा केलेली असते. घासलेले नाणे मात्र आपण नसलेले नवेपण मिरविते. पालकांनी पूजेचा रुपया मऊ कापडावर ठेवावा, कडेने धरावा व कोरड्या कागदाच्या पुडीत जपावा. आपल्या खोऱ्यातील दमट पावसाळ्यात हे विशेष अगत्याचे आहे.

पालकांस आणखी एक सांगावेसे वाटते. अडीअडचणीला असे रुपये सराफाकडे वजनावर जातात. विपुल संख्येने निघालेला व फार झिजलेला रुपया असेल तर त्यात मोठे नुकसान नाही; परंतु कोरा वा दुर्मिळ रुपया केवळ वजनावर देणे म्हणजे पोथी रद्दीत घालणे होय. उलट, कोणत्याही जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात या जाहिरातींवरही भुलू नये. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच इशारा दिला होता. जो अवस्था ओळखतो, त्याला वजनावर घेणाराही फसवीत नाही आणि लाखाची लालूच दाखविणाराही नाही.

मित्रहो, सुटीत एक अभ्यास करा. घरातील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने दोन-तीन रुपये घ्या, ते न घासता दिव्याखाली पाहा, आणि प्रत्येकाची पायरी व तिचे कारण वहीत लिहा. आठ दिवसांनी आधीचे न वाचता पुन्हा लिहा, आणि दोन्ही ताडून पाहा. दोन पायऱ्यांमध्ये मन घुटमळले तर खालची पायरी लिहावी. आपल्या घरचे नाणे सर्वांनाच चांगले दिसते. तरीही त्याची खरी पायरी जो लिहू शकतो, त्याच्या शब्दाला बट्टा लागत नाही.