रथ मधोमध ने

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २१ ते २८



पहिला अध्याय आपण बहुतेक वेळा घाईने ओलांडतो. खरी गीता दुसऱ्यापासून, असं म्हणतो. आज मात्र इथेच थांबूया. अर्जुन श्रीकृष्णाला सांगतो, माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने. तिथून त्याला काय दिसतं? दोन्हीकडे काका, मामा, गुरू, भाऊ, मित्र. आपल्या बाजूला उभं राहून पाहिलं की समोर फक्त 'ते लोक' असतात. मधे गेलं की चेहरे दिसतात.

या अध्यायाचं सुंदर विवेचन आपल्या खान्देशातच झालंय. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. अमळनेरची शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. विनोबा तेव्हा ३६ वर्षांचे, गुरुजी ३२ चे. विनोबांनी एका न्यायाधीशाचं उदाहरण दिलं. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणारा तो माणूस, स्वतःचा मुलगा पिंजऱ्यात उभा राहिल्यावर मात्र फाशी किती अमानुष आहे हे सांगू लागला. अर्जुनाचंही तसंच. ती अहिंसा नव्हती, 'आपल्यां'चा मोह होता.

हे वाचलं की मला माझंच आठवतं. ६ जानेवारी २०१३. धुळ्याच्या मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं आणि बघता बघता दंगल उसळली. पोलिसांच्या गोळीबारात ६ जण गेले, बहुतेक तरुण. मी कॉलेजात होतो. संचारबंदी उठल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला मी जागा बदलली. माझा लॅब पार्टनर 'त्यांच्यातला' होता ना! मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने एकदा पाहिलं, बोलला काहीच नाही. मी कुणावर दगड टाकला नाही, म्हणून स्वतःला चांगला समजत होतो. पण वाईट कुणासाठी वाटून घ्यायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. तो न्यायाधीश मीच होतो.

इस्रायल-पॅलेस्टाईनचे व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी काही जण विचारतात, "दादा, आपण कुणाच्या बाजूने?" आधी एक गोष्ट ऐका. १९९३ मध्ये जॉन वॉलक या पत्रकाराने अमेरिकेतल्या मेन राज्यात 'सीड्स ऑफ पीस' हे शिबिर सुरू केलं. इस्रायली, पॅलेस्टिनी, इजिप्शियन मुलं तिथे एकत्र राहिली, जेवली, खेळली, आणि रोज समोरासमोर बसून भांडलीही. पुढे भारत-पाकिस्तानची मुलंही गेली.

युद्ध त्याने थांबलं नाही. या शिबिरात गेलेला असील अस्लेह, इस्रायलमधल्या अरब घरातला १७ वर्षांचा मुलगा, ऑक्टोबर २००० मध्ये पोलिसांच्या गोळीने गेला. अंगात शिबिराचाच टी-शर्ट होता.

मग मधे उभं राहून उपयोग काय? मित्रांनो, मधे उभं राहणं म्हणजे सुरक्षित राहणं नाही. गप्प बसणंही नाही. अन्यायाला अन्याय म्हणायचंच. पण दोन्हीकडचं मेलेलं लेकरू आपल्याला लेकरूच दिसलं पाहिजे. नाहीतर आपला न्याय आपल्या माणसांपुरताच. आणि ही नजर तरुणपणीच लागली पाहिजे, कारण दगड हातात देणारे तरुणांनाच शोधत येतात.

त्या लॅब पार्टनरला मी गेल्या महिन्यात फोन केला. "बोल भो," म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. मी त्या जागेचा विषय काढला. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "तुला आठवतंय?" त्यानंतर त्या दिवसांत त्याच्या गल्लीत काय काय झालं ते सांगत राहिला. मी मधे एकदाही बोललो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो.

आजचा अभ्यास : फोनमध्ये असं एक नाव शोधा, ज्याच्याजवळची जागा तुम्ही बदललीत. आजच फोन करा. बाजू मांडू नका, फक्त ऐका.

प्रार्थना : हे पार्थसारथी, आमचा रथ मधोमध ने. आम्हाला चेहरे दिसू देत.

राम कृष्ण हरी.