बेरीज नसलेला खेळ

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात बेरजेला फार मान आहे. पाळी संपली की किती नग तयार झाले, किती नापास ठरले, याची नोंद होते. आजच्या आकड्यात उद्याचा आकडा मिळवला जातो आणि महिनाअखेरीस सारा हिशेब उभा राहतो. अशा वस्तीतील मनुष्य घरी दूरचित्रवाणी-संचासमोर टेनिसचा सामना पाहावयास बसला, म्हणजे प्रथम काहीसा गोंधळतो. क्रिकेटमध्ये एकदा काढलेली धाव शेवटपर्यंत धावफलकावर राहते. टेनिसमध्ये मात्र मिळवलेले गुण पुन्हा पुन्हा पुसले जातात.

विद्यार्थ्यांनो, ही गणनापद्धती समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या गुणाला पंधरा, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला चाळीस म्हणतात. प्रतिस्पर्धी चाळिशीला पोहोचलेला नसेल, तर चौथ्या गुणाला गेम जिंकला जातो आणि दोघेही पुन्हा शून्यावर येतात. किमान दोनच्या आघाडीने जो सहा गेम घेईल त्याचा सेट. तो संपला की गेमची पाटीही कोरी होते. सहा-सहा अशी बरोबरी झाली, तर टायब्रेकर खेळवून सेटचा निकाल लावतात. प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता गेम जिंकला काय, किंवा घाम गाळून जिंकला काय, त्याचे मोल एकच.

या पद्धतीचा घाव किती खोल बसतो, हे रॉजर फेडररच्या चाहत्यांना १४ जुलै २०१९ च्या रात्री कळले. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याची गाठ नोव्हाक जोकोविचशी होती. सामना ४ तास ५७ मिनिटे चालला. फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. गेमही फेडररचे ३६ आणि जोकोविचचे ३२. तरीही जोकोविचने तीन सेट टायब्रेकरवर घेतले आणि अजिंक्यपद त्याचे झाले. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी असताना फेडररला केवळ एक गुण हवा होता. तशा दोन संधी आल्या आणि गेल्या. त्याच दिवशी लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. एकच संच असलेल्या घरांत त्या रात्री काय वाद झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी!

घरबसल्या पाहण्यात उणीव आहेच. पडद्यावर मैदान सपाट चित्रासारखे दिसते. चेंडूची उसळी आणि वेग यांचा खरा अंदाज येत नाही. वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. तेथे २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चे वर्ष वगळता, पुरुषांची ‘महाराष्ट्र ओपन’ ही व्यावसायिक स्पर्धा भरत असे. तेथे बसलेल्या प्रेक्षकाला हा वेग उमगला असेल. परंतु घरच्या प्रेक्षकाला खेळाडूचा चेहरा लाभतो. दोन गुणांच्या मधल्या काही क्षणांत खेळाडू रॅकेटच्या तारा चाचपतो, टॉवेलने कपाळ पुसतो, मागचा गुण मनातून काढून टाकू पाहतो. अर्धे टेनिस त्या क्षणांतच असते, असे मला वाटते.

ते क्षण ३० सप्टेंबर २०२३ रोजी मराठी घरांनी विशेष ओढीने पाहिले. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. भारताकडून महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि कोडगूचा रोहन बोपण्णा खेळत होते. ती सत्तावीस वर्षांची, तो त्रेचाळीस वर्षांचा. समोर चिनी तैपेईची लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ ही जोडी होती. भारताने पहिला सेट २-६ असा गमावला.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांचे आयुष्य लेथवर गेले. ते चिंतेने म्हणाले, “चार गेमची तूट आहे. ती आता भरून कशी काढायची?”

नात म्हणाली, “आजोबा, ती भरायची नसतेच. आता पुन्हा शून्यापासून!”

दुसरा सेट भारताने ६-३ असा जिंकला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर होता. दोनच्या फरकाने प्रथम दहा गुण करणारी जोडी विजयी. आता पूर्वीच्या कोणत्याही गेमचा उपयोग नव्हता आणि अडथळाही नव्हता. प्रत्येक सर्व्हिसला आजोबा श्वास रोखून बसत. भारताने तो १०-४ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळवले.

आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर आजोबांनी सवयीप्रमाणे वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज मांडली. भारताचे गेम आठ, चिनी तैपेईचे नऊ. त्यांनी ती दोनदा तपासली.

“अगं, एकाने मागेच आहोत की आपण!” ते म्हणाले आणि खदखदून हसू लागले. नातीचे तिकडे लक्ष नव्हते. पडद्यावर चौघे खेळाडू जाळ्यापाशी हस्तांदोलन करीत होते.